धूर, मिसिंग आणि अण्णा

पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना घरून फोन येतात ते लग्नाबद्दल, फ्लॅटबद्दल, नाहीतर 'जेवतेस का वेळेवर?' याबद्दल. मला येतात ते मोटरसायकलबद्दल.

गेल्या दिवाळीच्या आधी आईचा असाच फोन आला. "तुझ्या अण्णांची गाडी लई धूर मारायलीय. चालू केली की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. मधीच फटफट करती, बंद पडती. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन गेलं. मी म्हणते, विकून टाका. ऐकत नाहीत. तूच ये अन् सांग."

माझ्या दोन डेडलाइन होत्या. पण फ्रीलान्सर असण्याचा एक फायदा असतो, डेडलाइन लॅपटॉपमध्ये घालून कुठंही नेता येते. परभणीपर्यंत रेल्वे, पुढं मानवतवरून पाथरीला एसटी. खिडकीतून वेचणीला आलेला कापूस, सोयाबीनची काढणी आणि एसटीत पाय ठेवायला जागा नाही. थोडक्यात, घर.

पाथरी कुठं, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं. "साईबाबांचं जन्मस्थान मानतात ना, ते," असं म्हटलं की लोकांच्या डोक्यात ट्यूब पेटते. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी जाहीर केले आणि त्यावरून शिर्डी बंद राहिली, तेव्हा तर ऑफिसातल्या ऑफिसात माझा भाव वधारला होता. आमच्या घरात मात्र त्या दिवशीही चर्चा चालू होती ती गाडीच्या चेन-स्प्रॉकेटची.

टाकीवरची मुलगी

ही गाडी म्हणजे २००१ सालची हीरो होंडा स्प्लेंडर. नंबर एमएच-२२, म्हणजे परभणी पासिंग. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी ती घेतली. मी तेव्हा चार वर्षांची. पेट्रोलच्या टाकीवर बसून, हँडलला धरून मी सगळा तालुका पाहिला. त्याच वर्षी हीरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली. अण्णा हे अशा थाटात सांगायचे, जणू यांच्याच एका गाडीनं आकडा पार झाला! पुढं हीरो आणि होंडा वेगळे झाले, २०११ मध्ये कंपनीचं नावही बदललं. आमच्या टाकीवर मात्र अजून जुनंच जोडनाव आहे.

या गाडीची थोरली बहीण, सीडी १००, आली तेव्हा तिची जाहिरात गाजली होती : 'फिल इट, शट इट, फर्गेट इट.' पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. अण्णांना ती ओळ कधीच पटली नाही. म्हणायचे, "विसरायचं कसं? लिहून ठेवायचं."

आणि ते लिहून ठेवायचे. दर वर्षाची एक डायरी. निळ्या पेनानं दिवसभराचं, लाल पेनानं गाडीचं. पेट्रोल किती, किलोमीटर किती, ऑइल कधी. मी अकरावीत असताना गाडी शिकले, तेव्हा पहिला धडा क्लचचा नव्हता. पहिला धडा होता, लाल पेनानं नोंद कशी करायची.

आधी स्वस्त, मग महाग

घरी पोचले तर अण्णा अंगणातच होते. गाडी मेन स्टँडवर. मी बॅग ठेवायच्या आतच किक मारून दाखवली. तिसऱ्या किकला सुरू झाली आणि मागून निळसर धुराचा लोट. आयडलिंगला टक-टक-टक... मध्येच एक ठोका गाळायची, मग पुन्हा टक-टक. रेस दिली की सायलेन्सरमधून फट्!

"बोअर गेलाय म्हणतो," अण्णा म्हणाले. "चार-पाच हजाराचं काम. नाहीतर भंगारात."

बॉस, मी काही मेकॅनिक नाही. मास कॉमची डिग्री आहे. पण दोन वर्षांपूर्वी नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारावर एक फीचर केलं होतं, तेव्हा तिथल्या जुन्या मिस्त्रींबरोबर चार दिवस बसले होते. त्यांचा फंडा साधा होता. गाडी मिस मारत असेल तर तीनच गोष्टींकडे बघायचं : ठिणगी, पेट्रोल-हवा आणि कॉम्प्रेशन. आणि आधी स्वस्त गोष्ट तपासायची, मग महाग. पहिल्याच दिवशी इंजिन खोलणारा माणूस गाडीचं नाही, स्वतःचं काम सोपं करतो.

म्हणून आधी प्लग काढला. चांगल्या चालणाऱ्या इंजिनाच्या प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असतं. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. पांढराफटक असेल तर उलटं, इंजिन जास्त तापतंय. आमचा प्लग काळा तर होताच, वर ओला आणि तेलकट. बोटाला चिकटला. पेट्रोल उडून जातं, हे जाईना. म्हणजे ऑइल.

प्लग कॅपमध्ये घालून, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून अण्णांना किक मारायला सांगितलं. ठिणगी बरी होती. म्हणजे कॉइल, वायर ठीक. प्लग घासून-पुसून, गॅप बघून परत लावला. गाडी एकदम सुतासारखी चालली! अण्णा खूश. मी पण कॉलर ताठ केली.

दोन किलोमीटरवर पुन्हा फटफट.

म्हणजे प्लग गुन्हेगार नव्हता. बिचाऱ्यावर कोणीतरी सतत तेल ओतत होतं. नुसता नवा प्लग लावून पैसे घेणारे आणि आठवड्यानं पुन्हा नवा लावणारे महाभाग असतात, ते याच टप्प्यावर.

मग पेट्रोल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि पाणी फार झालं की दोघं मिळून खाली बसतात. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत हा घोळ होऊ शकतो. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या ग्लासात घेतलं, दहा मिनिटं तसंच ठेवलं. तळाशी ना पाणी, ना गंज. (ग्लास आईचा होता. त्यावर वेगळा लेख होईल.)

उरला धूर.

चौकट : धूर काय सांगतो?

• थंड सकाळी सुरू करताना पांढरी वाफ, दोन मिनिटांत गायब : काळजी नको. सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी आहे.

• काळा धूर : पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक अडकलाय का, एअर फिल्टर तुंबलाय का, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय का, ते बघा.

• निळा धूर, रात्रभर उभ्या गाडीला सुरू करताना किंवा उतारावर रेस सोडून पुन्हा दिली की : बहुतेक व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड.

• निळा धूर, चढावर किंवा डबलसीट लोड घेतल्यावर : पिस्टन रिंग आणि बोअरवर संशय.

• 'पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय' हे इंटरनेटवरचं ज्ञान हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला लावू नका. त्यात कूलंट नसतंच!

• आणि आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत थोडा निळा धूर असतोच, कारण ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. फोर-स्ट्रोकमध्ये तो आजार आहे.

ढालेगावच्या रस्त्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. अण्णा मागं बसले. चुलतभाऊ त्याच्या गाडीवरून आमच्या मागं, व्हिडिओ काढायला. माजलगावच्या रस्त्यानं ढालेगावला, गोदावरीच्या बंधाऱ्यापर्यंत. लहानपणी रविवारी आम्ही तिथं पाणी बघायला जायचो.

बंधाऱ्याजवळ थांबून व्हिडिओ पाहिला. धूर सगळीकडे होता. सुरू करताना निळा, लोड घेतल्यावर निळा, रेस सोडल्यावरही निळा, आणि मधूनच काळा. पुस्तकातल्या कुठल्याच कप्प्यात बसत नव्हता. रिंगा आणि सील एकाच महिन्यात गेले असतील?

अण्णा पाण्याकडे बघत उभे होते. म्हणाले, "तुला आठवतं, इथं तुझी चप्पल वाहून गेली होती?"

"हो अण्णा."

आम्ही चहा घेतला. निघताना गाडीवर बसता बसता ते म्हणाले, "तुला आठवतं, इथं तुझी चप्पल वाहून गेली होती?"

मी हसून म्हटलं, "आत्ताच तर सांगितलंत." ते पण हसले. मी किक मारली.

भाई आणि काडी

गावात एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना भाई म्हणतात. आता वयामुळं गॅरेज मुलगा बघतो, भाई खुर्चीवर बसून आवाज ऐकतात. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. मी त्यांना सगळी कहाणी सांगितली. प्लग, ठिणगी, ग्लासातलं पेट्रोल, व्हिडिओ. जरा शायनिंग मारतच सांगितली म्हणा ना.

भाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, ऑइलची काडी बघितली का?"

नव्हती बघितली! गाडी ऑइल जाळतेय म्हणजे आत ऑइल कमीच असणार, हे मी गृहीत धरलं होतं. आधी स्वस्त, मग महाग असं सगळ्यांना सांगणाऱ्या मी सगळ्यांत फुकटची तपासणी सोडून दिली होती.

भाईंच्या मुलानं गाडी मेन स्टँडवर सरळ उभी केली. काडी काढली, पुसली, आटे न फिरवता नुसती टेकवली, परत काढली. काडीवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मध्ये हवं. आमचं वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं.

जाळणाऱ्या गाडीत ऑइल वाढतं कसं? भाईंनी थेंब बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. कधी कधी कार्बोरेटरमधून पेट्रोल गळून खाली ऑइलमध्ये उतरतं, तेव्हा पातळी वाढते. पण मग ऑइल पातळ होतं, पेट्रोलचा वास येतो. हे जाड होतं, स्वच्छ होतं.

"नवीन आहे," भाई म्हणाले. "कुणीतरी वरून टाकलंय."

एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत तेलाचं डबकं. मग सगळं जुळलं. या इंजिनाला ऑइल लागतं लिटरभराहूनही कमी. त्यात जास्तीचं भरलं की ते आत घुसळलं जातं, रिंगांना आवरत नाही, आणि वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून एअर फिल्टरमध्ये शिरतं. तिथून कार्बोरेटरमार्गे परत इंजिनात. म्हणून निळा धूर. फिल्टर तेलानं तुंबला, हवा कमी पडली, म्हणून मधूनच काळा. प्लग तेलात बुडाला, म्हणून मिसिंग. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटायचं, म्हणून फट्!

ऑइल सोडलं तर सव्वा लिटरच्या वर निघालं. फिल्टर नवा, प्लग नवा, मोजून ऑइल. भाईंच्या मुलानं प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली. अंगठा फेकला गेला. "कॉम्प्रेशन एकदम टंच," तो म्हणाला. बोअरला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. सायलेन्सरमध्ये साचलेलं तेल जळेपर्यंत थोडा धूर येईल, वीसेक किलोमीटर चालवा, असं सांगून त्यांनी जे पैसे घेतले त्यात पुण्यात दोघांची कॉफीसुद्धा होत नाही. पार्टचे वेगळे, अर्थात.

अण्णा बाकावर बसून होते. भाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीच बोलले नाहीत. भाईंच्या घरातली सगळी मुलं अण्णांच्या हाताखाली शिकली आहेत.

लाल पेन

रात्री अण्णा झोपल्यावर मी डायरी उघडली. विचारायला हवं होतं, मान्य आहे. विचारलं नाही.

ऑक्टोबर. लाल पेन. तेच वळणदार, फळ्यावरचं अक्षर.

३ तारीख : गाडीस ऑइल टाकले.
९ तारीख : गाडीस ऑइल टाकले.
१० तारीख : गाडीस ऑइल टाकले.
१६ तारीख : गाडीस ऑइल टाकले.

मी पत्रकार आहे, माझं पहिलं काम म्हणजे दुसरी बाजू शोधणं. दुसरी बाजू होती. गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, गाडी ऑइल खातेय, टाकत राहा. अण्णांनी टाकलं. धूर वाढला. धूर वाढला म्हणजे ऑइल आणखी जळतंय, म्हणून आणखी टाकलं. चुकीचं असेल, पण तर्काला धरून आहे. हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. मीसुद्धा काडी न बघता दोन दिवस फिरले होते.

पण ९ आणि १० चं काय? ज्या माणसानं चोवीस वर्षं लिहून ठेवलं, त्यानं आदल्या दिवशीची, समोरच्याच पानावरची ओळ वाचली नव्हती. लिहायची सवय राहिली होती. वाचायचं राहून जात होतं.

मग बाकीचं आठवायला लागलं. सप्टेंबरात एकाच संध्याकाळी आलेले त्यांचे दोन फोन, दोन्हीत तोच प्रश्न. विजेचं बिल दोनदा भरलं, त्यावर आम्ही फॅमिली ग्रुपवर हसण्याच्या स्मायली टाकल्या होत्या. ढालेगावची चप्पल. एकेक ठोका गाळणं चालू होतं आणि मी रेस देऊन पुढं जात होते.

आई दारात उभी होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर गाडी विका म्हणत होते. रस्ता चुकले एखाद दिवशी तर?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू फोनवर किती वेळ असतीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुन्हा तोच नियम

सकाळी मी अण्णांसमोर डायरी ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पान उलटलं, परत मागं आले. बराच वेळ गेला.

"अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

मग म्हणाले, "दहा तारखेचं मला आठवत नाही."

वर्गात एखादं गणित त्यांचं स्वतःचंच फळ्यावर चुकलं की ते ज्या सुरात मुलांना सांगायचे, तोच सूर होता. मला रडू आलं ते त्यामुळं. त्यांनी काही लपवलं असतं तर भांडता आलं असतं.

त्या रात्री मी मोबाइलवर जे जे वाचलं होतं, ते तुम्ही वाचू नका. थेट 'बोअर गेला' म्हणणारे गॅरेजवाले तिथंही आहेत. दिवाळी झाल्यावर आम्ही परभणीला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अण्णांना तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढून घेतलं. अण्णांनी वजाबाकी फटाफट केली, गुरुजीच ते. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यातला एक विसरले.

डॉक्टर म्हणाले, आधी साध्या गोष्टी बघू. थायरॉइड, बी-१२, साखर, ऐकू किती येतं, झोप कशी आहे, मन उदास आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. यातल्या कशानंही विसरायला होऊ शकतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. मोठं नाव नंतर घेऊ, घ्यावं लागलंच तर.

आधी स्वस्त, मग महाग! मी अण्णांकडे पाहिलं. ते पण माझ्याकडेच बघत होते.

बी-१२ खूप कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तेवढ्यानं सगळं भरून येईल का? डॉक्टर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सायलेन्सरमधलं जुनं तेल जळायला वेळ लागतो, एवढं मला कळतं. आणि धूर तरीही राहिला, तर पुढचं झाकण उघडावं लागेल, हेही कळतं.

गाडी विकली नाही. आईशी तह झाला आहे : अण्णा गावातल्या गावात चालवणार, मोबाइल खिशात, मोठ्या रस्त्यावर जाताना चुलतभाऊ सोबत. ऑइलच्या झाकणाला मी लाल चिकटपट्टी लावली आहे. तिच्यावर अण्णांनीच लिहिलंय : 'आधी काडी बघा.'

मी आता रोज रात्री नऊला फोन करते. पाच मिनिटं का होईना. अण्णा त्या दिवशीचं लाल पान वाचून दाखवतात आणि आदल्या दिवशीचंही. परवा म्हणाले, "आज सकाळी किक मारल्यावर जरासा निळा आला. लगेच गेला."

"व्हॉल्व्ह सील असेल अण्णा. जुनी झालीय गाडी. बघू पुढच्या वेळी."

"लिहून ठेवतो," ते म्हणाले. "तू पण लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं.